‘तीन कॉर्ड आणि धानी, एवढंच ना?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीय लोकसंगीतावरच्या माझ्या लेखावर इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. ब्लूज बारा बारांचा (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक गट) असतो असं लेखात सरसकट लिहिलंय, पण ब्लूज गायक-गिटारवादक जॉन ली हुकर तसं वाजवत नाही. आणि ब्लूजचे सूर म्हणजे आपला धानी राग, खाली तेच तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूरसमूह. मग रागदारी ऐकलेल्या कानाला त्यात नवीन काय?

पहिला आक्षेप अगदी बरोबर. हुकरचं १९४८ सालचं ‘बूगी चिलन’ जवळपास एकाच कॉर्डवर आणि पायाच्या ठेक्यावर चालतं. तसाच दुसरा ब्लूज गायक लाइटनिन हॉपकिन्स तर शब्द लांबला की बारही लांबवतो. एकट्याने गिटार घेऊन गाणाऱ्याला ते जमतं. सोबत बास, ड्रम, पियानो आले की सगळ्यांनी एकदम कॉर्ड बदलायला हवा, म्हणून मोजणी पक्की करावी लागते. लेखात ही दुरुस्ती करतो.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे सूर धानीचेच, खरं आहे. पण धानीत तानपुऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही. ब्लूजमध्ये वरचा सूर तोच राहतो आणि खालचा आधार बदलतो.

गिटारवर करून बघा. पाश्चात्य सूर ए म्हणजे आपला सा धरू; ए७, डी७, ई७ हे ते तीन कॉर्ड. चार ठोक्यांचा एक बार. ए७ चार बार, डी७ दोन, ए७ दोन, मग ई७ एक, डी७ एक, शेवटचे दोन ए७. आता तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला (गिटारच्या पडद्याला) सी हा सूर वाजवा, हा कोमल गंधार. ए७ मध्ये मात्र शुद्ध गंधार आहे. तर्जनीने तार जमिनीच्या दिशेने किंचित ओढा, इतकीच की सूर दोन गंधारांच्या मध्ये राहील. ब्लूजची सगळी कळ, म्हणजे मनातली टोचणी, त्या जागेत आहे. शिकणारे तार थेट शुद्ध गंधारापर्यंत नेतात. गोड लागतं, पण कळ जाते. त्याहून मोठी चूक पाचव्या बारला होते. डी७ चे सूर म, शुद्ध ध, सा आणि कोमल ग. म्हणजे कोमल गंधार आता कॉर्डच्या घरचाच झाला. तिथे तार ओढलेलीच ठेवली की सूर कॉर्डशी भांडतो. कॉर्ड बदलला त्याच ठोक्याला तार सैल सोडायची.

ब्लूजच्या कवितेचा बंधही या बदलत्या आधारावरच उभा आहे. तीन ओळी, त्यातल्या पहिल्या दोन सारख्या. प्रत्येक ओळीला चार बार. शब्द साधारण अडीच बारांत संपतात, उरलेली जागा वाद्याच्या उत्तराची. ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग म्हणूनच गाताना गिटार थांबवायचा. दुसऱ्यांदा तीच ओळ येते तेव्हा खाली डी७ असतो, आणि तेच शब्द वेगळे लागतात.

ब्लूज गायिका बेसी स्मिथचं १९२५ सालचं ‘सेंट लुइस ब्लूज’ ऐका. साथीला फ्रेड लाँगशॉचं रीड ऑर्गन, आपल्या पेटीच्याच जातीचं, आणि ओळ संपली की लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं फुंकवाद्य. सुरुवातीची ओळ ती पुन्हा गाते, तेव्हा कान तिच्याकडे न ठेवता ऑर्गनकडे ठेवा.