ॲक्टरेझरमधलं गाव वसवणं म्हणे फिलर! कुठल्या अँगलने?

जुन्या गेम्सचा विषय निघाला की सुपर निंटेंडोच्या ॲक्टरेझरबद्दल एक मत हमखास ऐकायला मिळतं आणि आता ते इतक्या वेळा कॉपीपेस्ट झालंय की लोक ते सिद्ध झाल्यासारखंच बोलतात. मत असं, की ॲक्टरेझर म्हणजे दोन अर्धवट गेम एकत्र चिकटवलेत, तलवारीचा भाग भारी, पण मधेमधे देव बनून गावं वसवायची ते सगळं फिलर, म्हणजे नुसती भरती, ते काढून टाकलं असतं तर गेम कुठल्या कुठे गेला असता. वर पाच कारणं देतात: दोन भागांचा एकमेकांशी संबंध नाही, गावाच्या भागात हरताच येत नाही, तो भाग पॉप्युलस आणि सिमसिटी या गेम्सवरून उचललाय, २०२१ च्या रिमेकमध्ये तो वाढवावा लागला म्हणजे मुळात पोकळच होता, आणि शेवटी लक्षात राहतं ते फक्त म्युझिक.

मला यातलं एकही कारण पटत नाही, म्हणून एकेक घेतो.

आधी थोडक्यात गेम काय आहे ते, कारण आपल्याकडे सुपर निंटेंडो होता कुणाच्या घरी, आपण सगळे काडतूसवाल्या टीव्ही गेमवर वाढलेलो, त्यामुळे बहुतेकांनी ॲक्टरेझर खूप नंतर एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीतर व्हिडिओत पाहिलाय, आणि व्हिडिओत दिसते ती पहिली ॲक्शन स्टेज, गावाचा भाग लोक पुढे ढकलून देतात (माझा संशय आहे की अर्धं मत तिथेच तयार होतं). क्विंटेट कंपनीने बनवला, एनिक्सने काढला, जपानमध्ये १६ डिसेंबर १९९० ला, म्हणजे कन्सोल बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा. तुम्ही देव. जपानी आवृत्तीत सरळ देव आणि समोर सैतान, अमेरिकेत निंटेंडोच्या धर्माबद्दलच्या नियमांमुळे मास्टर आणि टांझ्रा. टांझ्राकडून हरून तुम्ही आकाशातल्या महालात शेकडो वर्षं झोपलेले असता, उठता तर लोक तुम्हाला विसरलेत आणि त्यामुळे अंगात ताकद उरलेली नाही. खाली सहा प्रदेश, फिलमोर, ब्लडपूल, कसांडोरा, आयटॉस, मराना, नॉर्थवॉल. प्रत्येक ठिकाणी आधी एका योद्ध्याच्या पुतळ्यात उतरून राक्षस मारायचे, मग वरून गाव वसवायचं (तिथे तुमचा छोटा देवदूत उडत बाण मारून राक्षस हाकलतो), मग पुन्हा खाली उतरून तिथला मोठा राक्षस संपवायचा.

आता पहिलं कारण, संबंध नाही म्हणे. अहो, तुमचा हेल्थ बार कुठून वाढतो ते एकदा बघा की! या गेममध्ये राक्षस मारून एक्स्पीरियन्स मिळत नाही, लेव्हल वाढते ती जगातल्या लोकसंख्येवर. माणसं वाढली की देवाची लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की तलवार घेऊन खाली उतरल्यावर जास्त मार सोसता येतो, आणि ही लेव्हल जाते पार १७ पर्यंत. उलट दिशेनेही तसंच आहे, ॲक्शन स्टेजमध्ये जितका जास्त स्कोअर कराल तितकी त्या प्रदेशात जास्त माणसं राहू शकतात, म्हणजे स्टेज कशीबशी पार करणारा आणि प्रत्येक राक्षस मारून जाणारा या दोघांची गावं सारखी होत नाहीत. तो स्कोअर लोकांना शोभेचा आकडा वाटतो, पण तोच तर दोन भागांमधला पूल आहे. शिवाय जादू आणि जास्तीचे लाइफ, यातलं बरंचसं गावातले लोक देवळात आणून देतात. कुठे काहीतरी दडलंय असं ते सांगतात, तुम्ही तिथे वीज पाडता, काहीतरी सापडतं, आणि ते हातात घेऊन तुम्ही पुढच्या स्टेजला जाता.

आणि गावागावांमध्येही देणंघेणं चालतं, ते तर कुणी बोलतच नाही. फिलमोरच्या लोकांकडून पूल बांधायची विद्या मिळते, ती दुसरीकडे नदी आडवी आली की द्यायची. कसांडोरात साथ पसरते, तिचं औषध मरानाच्या जंगलातली वनस्पती. नॉर्थवॉलची माणसं थंडीने गारठतात, त्यांना आयटॉसच्या मेंढ्यांची लोकर नेऊन द्यायची. म्हणजे एक गाव संपवलं आणि विसरलं असं होत नाही, मागे जाऊन बघावं लागतं की कुणाला काय हवंय. ब्लडपूलमध्ये टेडी नावाचा पोरगा हरवतो, त्याला शोधून पाव नेऊन द्यायचा, आणि पुढे गावातले लोक राक्षसाला बळी द्यायचा ठरवतात तेव्हा नंबर लागतो त्याच टेडीचा. यानंतर तुम्ही त्या किल्ल्याच्या स्टेजमध्ये उतरता. आता कुणी म्हणावं की या दोन भागांचा संबंध नाही, मग मी काय बोलणार.

हा संबंध शेवटपर्यंत ताणलाय तो तर वेगळाच. डेथ हाइममध्ये, म्हणजे टांझ्राच्या अड्ड्यात, सहा प्रदेशांतले जुने बॉस म्हणजे मोठे राक्षस एकामागोमाग, मग टांझ्रा, सगळं जिंकून देव आणि त्याचा देवदूत गावं बघायला निघतात तर देवळं रिकामी. लोकांना आता कसलाच त्रास नाही, त्यामुळे प्रार्थनाही नाही. तासन्‌तास ज्यांची घरं तुम्ही एकेक करून वाढवलीत, ज्यांच्या डोक्यांवर तुमचा हेल्थ बार उभा होता, त्यांनाच तुमची गरज उरलेली नाही. नुसती तलवारबाजी असती तर हा शेवट म्हणजे पडद्यावरची चार वाक्यं झाली असती.

दुसरं कारण, हरताच येत नाही. हे खरं आहे. देवदूताची शक्ती संपली तरी तो मरत नाही, थोडा वेळ बाण मारता येत नाहीत एवढंच. पण हरता येत नाही म्हणून काहीच पणाला नाही हे कुठून आलं? वटवाघळं माणसं उचलून नेतात, निळे ड्रॅगन घरांवर वीज टाकतात, लाल राक्षस शेतं खराब करतात, कवट्या भूकंप करून अख्खं गाव हलवतात, आणि यातलं प्रत्येक नुकसान लोकसंख्येत दिसतं, म्हणजे फिरून तुमच्याच हेल्थ बारवर येतं. शिक्षा आहे, फक्त उशिरा मिळते, आणि मिळते तलवारीच्या भागात. इथे एक गोष्ट मला फार आवडते, गाव सुधारलं तरी सुरुवातीची साधी घरं तशीच उभी राहतात, त्यात माणसं कमी मावतात, म्हणून जाणता खेळाडू स्वतःच भूकंप करून ती जुनी घरं पाडतो म्हणजे लोक त्या जागी मोठी बांधतील. ज्यांना वाचवायला देव खाली आला त्यांचीच घरं देव पाडतोय, तेही त्यांच्या भल्यासाठी म्हणे! पुनर्विकास म्हणजे आपल्याला काय नवीन सांगायचंय. पण ज्या भागात असे निर्णय घ्यावे लागतात त्याला डोकं न लावता बटण दाबायचा टाइमपास म्हणणं म्हणजे खेळताना लक्ष दुसरीकडे होतं.

तिसरं, पॉप्युलसची कॉपी. बुलफ्रॉगचा पॉप्युलस १९८९ चा, सिमसिटीही १९८९ चा, तेव्हा कल्पना हवेत होती हे मान्य. पण खेळून बघा ना दोन्ही. पॉप्युलसचा जीव जमीन वरखाली करण्यात आणि समोरच्या देवाशी चाललेल्या चढाओढीत आहे, ॲक्टरेझरमध्ये जमीन उचलताही येत नाही आणि समोर दुसरा देव वस्ती घेऊन बसलेला नाही. सिमसिटीचा जीव पैशात आहे, कर किती लावायचा, बजेट कसं भागवायचं. इथे पैसाच नाही. आहेत ते पाच चमत्कार, वीज, पाऊस, ऊन, वारा, भूकंप, आणि प्रत्येकाला त्या त्या प्रदेशात काम आहे, कसांडोराच्या वाळवंटावर पाऊस, नॉर्थवॉलच्या बर्फावर ऊन, फिलमोरच्या झाडीवर वीज. रस्ता कुठे न्यायचा ते तुम्ही दाखवता आणि लोक स्वतःच्या पायाने जाऊन राक्षसांचं बिळ बंद करतात. हे बिळ बंद करणं ना पॉप्युलसमध्ये आहे ना सिमसिटीमध्ये. सुपर फॅमिकॉमवरचा (सुपर निंटेंडोचं जपानी नाव) सिमसिटी तर ॲक्टरेझरच्या नंतर, १९९१ ला आला. आणि पॉप्युलस त्या कन्सोलवर आला तो त्याच डिसेंबरात, म्हणजे दोन्ही दुकानात शेजारी शेजारी असणार आणि कुणालाही फरक कळला असणार.

इथेच एक गोष्ट बोलायला हवी जी फिलरवाले टाळतात. हा गेम बनवणारे कोण? दिग्दर्शन मासाया हाशिमोतो, कथा तोमोयोशी मियाझाकी, दोघेही आधी फाल्कॉम कंपनीत ईस नावाचे गेम्स केलेले, म्हणजे तलवारीचे ॲक्शन गेम त्यांना झोपेतही जमले असते. तरी त्यांनी गावं घातली. आणि नंतरही सोडली नाहीत, १९९२ च्या सोल ब्लेझरमध्ये पुन्हा राक्षसांची बिळं बंद करायची आणि प्रत्येक बिळासोबत गावातला एखादा माणूस, प्राणी, घर परत यायचं. १९९५ च्या टेरानिग्मात तर आख्खी पृथ्वी परत जिवंत करायची आणि शहरं वाढवायची. फिलर असतं तर एकदा करून विसरले असते, पुढची पाच वर्षं कशाला त्याच्या मागे लागले असते.

आणि काढून टाकलं असतं तर भारी झाला असता, हे तर करूनही झालंय राव. ॲक्टरेझर २, १९९३. गावं नाहीत, लोकसंख्या नाही, फक्त ॲक्शन. चित्रं पहिल्यापेक्षा कितीतरी देखणी, पंख असलेला हिरो, अवघडही चिक्कार. आज ॲक्टरेझर म्हटलं की कुणाला तो आठवतो? ज्यांनी पहिला खेळला होता त्यांची तक्रार नेमकी हीच होती की गाव कुठे गेलं. रिमेक करायची वेळ आली तेव्हा कंपनीने कुठला गेम उचलला? पहिला.

त्या रिमेकवरून चौथं कारण. ॲक्टरेझर रेनेसाँस, सप्टेंबर २०२१. त्यात गावावर राक्षसांचे हल्ले, तटबंदी, कमानी, लढायला वेगळे हिरो, एवढंच काय एक नवा प्रदेशही घातलाय. यावरून मूळ भाग पोकळ होता असं ठरत नाही, उलटंच दिसतं. मला तरी रेनेसाँस खेळताना सारखं वाटत राहिलं की आता पुढे जाऊ द्या, किती वेळ भिंती बांधायच्या. मूळ गेममध्ये गाव अर्ध्यापाऊण तासात उभं राहतं आणि हाताला पुन्हा तलवारीची आठवण होते ना होते तोच लोक येऊन सांगतात की देवा, राक्षस आलाय. ते माप बरोबर होतं. वाढवायला गेले आणि लय गेली.

पाचवं, म्युझिक. संगीतकार युझो कोशिरो, तेव्हा जेमतेम २३ चे, ६४ केबीच्या ऑडिओ मेमरीत ऑर्केस्ट्रा बसवला, यात वाद घालायला कुणाला आवडेल? पण फिलमोरची ती धावती धून अंगावर येते कारण तिच्या आधी तुम्ही आकाशमहालातल्या शांततेत होता आणि तिच्यानंतर गावाची संथ धून ऐकणार असता. नुसती एकच धून लूपवर लावून गेमबद्दल मत बनवलं तर असंच होणार.

आणि हो, ज्यांना खरंच गावं नको आहेत त्यांची सोय गेममध्येच करून ठेवलीय. मूळ गेम पूर्ण केला की नुसत्या ॲक्शन स्टेजचा एक वेगळा मोड उघडतो, गाव नाही, लोक नाहीत, त्यामुळे लेव्हल वाढणंही नाही. तोच खेळा की. सलग सहा प्रदेश करा, आणि मग सांगा पहिल्यांदा खेळताना आली होती तेवढी मजा आली का.