बिऱ्हाड चाकांवर

घरातल्या कटकटीतून सुटका हवी म्हणून लोक प्रवासाला जातात. तेव्हा घरच बरोबर न्यायची कल्पना ज्या कुणाला पहिल्यांदा सुचली, त्याच्या घरचा स्वयंपाक नक्की दुसरंच कुणीतरी करत असणार. ओटा, फ्रिज, मोरी, संडास, पलंग हे सगळं तीस फुटी गाडीत बसवायचं, तिला कँपर म्हणायचं आणि दिवसाचं भाडं मोजून तिच्यात सात जणांनी राहायचं. इंदूरला सुदामा नगरात आमचं हे सगळं भाड्याशिवाय चालू आहे.

बेत धाकट्या दिरांचा. ते सॉल्ट लेक सिटीला असतात. दिवाळीच्या फोनवर म्हणाले, "वहिनी, पुढच्या उन्हाळ्यात सगळे या. कँपर घेऊ. आधी डोंगर, मग वाळवंट. तुम्ही फक्त या, बाकी सगळं मी बघतो." या घरात इतकी वर्षं काढल्यावर बाकी सगळं कोण बघणार, हे मला विचारावं लागत नाही.

सॉल्ट लेकहून वर ग्रँड टीटन आणि यलोस्टोन ही राष्ट्रीय उद्यानं, तिथून खाली यूटाच्या तांबड्या खडकांत आर्चेस, ब्राइस, झायन, मग ग्रँड कॅन्यन आणि लास व्हेगसला गाडी परत. सांगायला एका श्वासाचं काम. पण आमचे सासरे भूगोलाचे मास्तर. नाना निवृत्त झाले, त्यांचा भूगोल झालेला नाही. त्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि तेव्हापासून आम्ही खाली पाटावर बसून जेवतो आहोत.

नानांची अट एकच होती: कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली डेथ व्हॅली. तिथे त्यांचा जुना हिशोब आहे. नोकरीभर त्यांनी पोरांना शिकवलं की जगातलं सर्वांत जास्त तापमान लिबियातल्या अल अझिझियाचं, १३ सप्टेंबर १९२२, ५८ अंश सेल्सिअस. दुसरं काही लिहिणाऱ्याचे गुण कापले. आणि २०१२ साली जागतिक हवामान संघटनेने ती नोंदच रद्द केली. नोंद घेणारा माणूस नवखा होता, त्याने थर्मामीटर चुकीचा वाचला असावा, असा निष्कर्ष निघाला. विक्रम गेला डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला: १० जुलै १९१३, ५६.७ अंश. त्यावरही काही तज्ज्ञ शंका घेतात, हे नाना प्रत्येक पाहुण्याला सांगतात. "नव्वद वर्षं! नव्वद वर्षं त्या माणसाला कुणी विचारलं नाही!" असं ते पोहे खाताखाता मध्येच म्हणतात. पोह्यांचा काही संबंध नसतो.

खरा पेच तारखांचा. यलोस्टोनचं पठार सरासरी आठ हजार फुटांवर. हिवाळ्यात तिथले बहुतेक रस्ते मोटारींना बंद असतात, एप्रिलच्या मध्यापासून एकेक उघडत मे संपेपर्यंत बहुतेक सुरू होतात आणि बर्फ जूनमध्येही पडू शकतो. डेथ व्हॅलीला शहाणी माणसं हिवाळ्यात जातात. चिरंजीवांची सुट्टी मात्र मे आणि अर्धा जून. आईंनी स्वेटर काढून ठेवले, नवऱ्याने अर्ध्या चड्ड्या. मी दोन्ही परत कपाटात टाकले. नानांनी खुलासा केला की दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, ब्राइसचा कडा आठ-नऊ हजार फुटांवर आहे, तेव्हा ते वाळवंटाच्या मुलखात असलं तरी रात्री स्वेटर लागणार. मी स्वेटर पुन्हा काढले. "गार रात्रीच हव्यात तर माळव्यातल्या काय वाईट आहेत?" आईंनी विचारलं. हा प्रश्न त्या प्रत्येक टप्प्यावर विचारतात आणि आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. शेवटी जूनचा पहिला पंधरवडा ठरला.

मग झोपायची व्यवस्था. भाड्याच्या कागदावर 'सात जणांसाठी' असं छापलं होतं. मागे एक डबल बेड, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा, रात्री खाट होणारं जेवणाचं टेबल आणि एक सोफा. छापणाऱ्याने आमचे सात जण पाहिलेले नाहीत. टेबलाची खाट व्हायची तर शेवटच्या माणसाचं जेवण उरकल्याशिवाय पहिल्याला आडवं होता येत नाही. नाना साडेनऊला झोपतात आणि चिरंजीवांना साडेअकराला भूक लागते. माळ्यावर दीर-जाऊ झोपतील म्हटलं तर जाऊ फोनवर म्हणाली, "वहिनी, तिथे उठून बसता येत नाही हो, नुसतं लोळता येतं." हे ऐकून चिरंजीवांनी माळा आपल्या नावावर केला. नवरा घोरतो, म्हणून त्यालाही वर पाठवायचं ठरलं. गरम हवा वर जाते तसं घोरणंही वरच्या वर जाईल, असा नानांचा सिद्धांत आहे. दीर-जाऊ सोफ्यावर गेले, मी खाटेवर. नाना रात्री उठतात, तेव्हा संडासाजवळचा मागचा बेड त्यांचा आणि आईंचा. एवढ्या वाटण्या आजेसासऱ्यांची शेती विभागतानाही झाल्या नव्हत्या.

खरी परीक्षा अजून व्हायची होती. कँपरच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी राखाडी, म्हणजे मोरीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची. तिसरी काळी. तिसरीबद्दल भाऊजी भरभर बोलले आणि लगेच हवामानाकडे वळले. चिरंजीवांनी टीव्हीवर व्हिडिओ लावला. नेमून दिलेल्या जागी गाडी उभी करायची, हातमोजे चढवायचे, जाडजूड नळी जोडायची, आधी काळी टाकी सोडायची, मग राखाडी, म्हणजे दुसरीच्या पाण्याने नळी धुतली जाते. व्हिडिओतला माणूस शेवटपर्यंत हसत होता. आमच्या हॉलमध्ये कुणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

आता स्वच्छतेचं आम्हाला कुणी शिकवू नये. २०१७ पासून इंदूर देशात पहिलं. ओला कचरा, सुका कचरा हाताला इतका बसलाय की लग्नात जेवायला गेलो तरी आमची माणसं कागदी पेला आणि उष्टं वेगळं ठेवतात. पण आमच्या स्वच्छतेची एक अट आहे. आपण वेगळं करायचं आणि गाडी येऊन नेणार. इथे गाडीही आपली आणि गाडीवालेही आपणच. "मी करीन ना," भाऊजी म्हणाले. मागून जाऊचं हसू ऐकू आलं. नवरा मोबाइलमध्ये अत्यंत महत्त्वाचं काहीतरी वाचत होता. शेवटी आई म्हणाल्या, "ज्याला माळा हवा त्याने टाकी सोडायची." चिरंजीवांनी माळ्यावरचा हक्क सोडला नाही, याचा मला थोडा अभिमानच वाटला.

पाण्याची चिंता भाऊजींना फार. टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटर, आणि माणसं सात. अहो, नर्मदा सत्तरेक किलोमीटरवरून, घाट चढून आमच्या नळाला येते, तीही एक दिवसाआड. पिंप, कळशी, बादली, सगळं भरून ठेवण्यात आमचा जन्म गेला. "दीडशे?" आई म्हणाल्या, "पाहुणे आले तरी पुरतं." आणि एक तांब्या बॅगेत टाकला. अमेरिकन संडासाबद्दल त्यांनी बहिणीकडून ऐकलं होतं.

मग अस्वल. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या असलेली कँपची जागा एकच, फिशिंग ब्रिज. तिथे तंबू चालत नाही, पक्क्या भिंतींची गाडीच लागते, कारण तो मुलूख ग्रिझली अस्वलांचा. खाण्याची वस्तू बाहेर ठेवायची नाही, वासाची कुठलीच ठेवायची नाही, अगदी टूथपेस्टसुद्धा. आईंची यादी तोवर तयार होती: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं, सेव, पोह्यांवर भुरभुरायचा मसाला म्हणजे जिरावन. "आई, इथे सगळं मिळतं हो," जाऊ म्हणाली. "जिरावन मिळतं?" आईंनी विचारलं. फोन कट झाला की काय असं वाटण्याइतका वेळ गेला. हिंगाच्या वासाने अस्वल येईल की पळेल, यावर नाना आणि नवरा यांचं एकमत झालं नाही. भाऊजींनी फक्त एवढं सांगितलं की गाडीत धुराचा अलार्म असतो आणि खमंग फोडणी पडली की तो कोकलतो. "मग बाहेर फोडणी करू," आई म्हणाल्या. बाहेर अस्वल. आत अलार्म. यावर आता उकडीचे पदार्थ असा तोडगा निघाला आहे आणि मोदकपात्राचं वजन विमानाच्या हिशोबात धरलं आहे. यलोस्टोनमध्ये माणसांना अस्वलांपेक्षा बायसन, म्हणजे तिथले रानगवे, जास्त जखमी करतात. अस्वलापासून शंभर यार्ड आणि बायसनपासून पंचवीस यार्ड लांब राहायचा नियम आहे. हे मी आईंना सांगितलेलं नाही. त्यांच्या यादीत बायसनचा उपाय नाही.

बुकिंगची एक रात्र सांगायलाच हवी. झायनच्या वॉचमन कँपची जागा सहा महिने आधी खुली होते, तिथल्या सकाळी आठला. डिसेंबरात ते आपले रात्रीचे साडेआठ. साडेआठला बुकिंग आणि नंतर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन गराडू, म्हणजे तळलेला कंद, असा नवऱ्याचा सुटसुटीत बेत होता. ठोक्याला भाऊजींच्या पडद्यावर मोकळ्या जागा दिसल्या आणि त्यांनी विचारलं, "कुठली घेऊ?" आमच्या घरात हा प्रश्न विचारायचा नसतो. नानांना नदीकाठ हवा होता, आईंना संडासाजवळ, नवऱ्याला सावली, चिरंजीवांना रेंज. मतदान संपेपर्यंत मोकळ्या जागा संपल्या. गराडूही त्या रात्री नशिबात नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुढची तारीख खुली झाली, भाऊजींनी कुणालाही न विचारता एक जागा घेऊन टाकली आणि नंतर फोन केला. मला माझा दीर त्या दिवशी पहिल्यांदा मोठा झालेला वाटला.

झायनहून पूर्वेला जाणारा बोगदा १९३० साली पूर्ण झालेला, एक मैलाहून थोडा लांब, आणि त्या काळच्या गाड्यांच्या मापाचा. आमच्यासारखी धूड गाडी त्यात आपल्या बाजूने मावत नाही. तेव्हा वळसा. ग्रँड कॅन्यनला तर नानांनी पट्टी लावून सांगितलं की उत्तर काठापासून दक्षिण काठ जेमतेम दहा मैल, दोन्ही बघू. दरी ओलांडायला पाखरू असाल तर दहा; मोटारीने दोनशे पंधरा. हा गॅलनला आठ-दहा मैल देणारा कँपर, म्हणजे लिटरला चार किलोमीटर. नवऱ्याने उत्तर काठ बिनविरोध रद्द केला. वर ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, पण तिथल्याच नवाहो मुलखात करतात, हे कळल्यापासून नाना दोन घड्याळं घालायची म्हणतात.

आणि इतकं सगळं जुळल्यावर भाडेकराराच्या बारीक अक्षरांत सापडलं: उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी न्यायची नाही. नाना दोन दिवस बोलले नाहीत. मग जाऊनेच उपाय काढला. कँपर व्हेगसला परत करायचा आणि साधी मोटार घेऊन पहाटे निघून बॅडवॉटर बघून यायचं, समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली. जूनमध्ये तिथे दुपारचं सरासरी कमाल तापमान ४३च्या आसपास असतं. "इंदूरच्या मेपेक्षा दोन-तीन अंश जास्त, बस," असं म्हणून नानांनी आनंदाने दोन थर्मामीटर आणले. एकाच थर्मामीटरवर आणि एकाच माणसावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांनी अझिझियाकडून घेतलेला धडा.

म्हणून आता सराव चालू आहे. रोज दुपारी दोनला नाना गच्चीच्या जिन्यात, सावलीत, थर्मामीटर टांगतात. आधी स्वतः वाचतात, मग नवऱ्याला ऑफिसच्या कामातून उठवून वाचायला लावतात आणि दोन्ही आकडे वहीत लिहितात. काल नानांना ४१ दिसलं आणि नवऱ्याला ३९. नवखा कोण, यावर दोघं अर्धा तास जिन्यातच भांडले. आईंनी खालून ताकाचे पेले वाजवले, तेव्हा कुठे उतरले. वहीत नवऱ्याच्या आकड्यापुढे नानांनी कंसात 'शंकास्पद' असं लिहिलं आहे.