बँक फोडायची की जोडायची, ठरवायचं कुणी?

सोलापूरच्या मित्रांशी बँकांचा विषय निघाला की सूर ठरलेला असतो: लहान बँका नकोतच, चार-पाच मोठ्या करून टाका. सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने तिथल्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. ठेवविमा पाच लाखांपर्यंतच, त्यामुळे आयुष्यभराची पुंजी एकाच सहकारी बँकेत ठेवणाऱ्याचा जीव धास्तावणारच. मी राहतो त्या ब्रिटनमध्ये मात्र २००८च्या आर्थिक संकटापासून उलटी मागणी ऐकू येते: मोठ्या बँका फोडा.

त्यामागे तसंच कारण आहे. आरबीएस (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) वाचवायला सरकारने साडेपंचेचाळीस अब्ज पौंड ओतले. त्याच काळात गाळात गेलेली एचबीओएस ही बँक लॉइड्स या दुसऱ्या मोठ्या बँकेने घेतली. स्पर्धा नियामकाने धोक्याची सूचना दिली होती. मंत्र्यांनी आर्थिक स्थैर्याचं कारण देऊन ती बाजूला सारली. पुढे लॉइड्सलाच सरकारी पैसा लागला. हा भाग इथल्या चर्चेतही फार कमी येतो, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ती बँक अवाढव्य झाली तीही राजकीय दबावानेच.

मग युरोपीय आयोगाने अट घातली आणि लॉइड्सच्या सहाशेहून जास्त शाखा तोडून २०१३मध्ये टीएसबी ही वेगळी बँक उभी राहिली. दोन वर्षांत ती स्पेनच्या सबादेल बँकेने घेतली. २०१८मध्ये संगणक प्रणाली बदलताना लाखो खातेदारांना स्वतःचं खातं उघडेना. २०२५मध्ये ती सांतांदेर या बड्या स्पॅनिश बँकेला विकायचा करार झाला. तोडलेला तुकडा निघाला तो पुन्हा मोठ्या बँकेकडेच.

जानेवारी २०१४मध्ये विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांनी बड्या बँकांच्या बाजारहिश्श्यावर मर्यादा घालण्याची घोषणा केली. नुसतं फोडल्याने स्पर्धा वाढेलच असं नाही, असं बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी खासदारांसमोर सांगितलं. पुढे स्पर्धा नियामकाने सविस्तर चौकशी केली. २०१६चा निकाल: फोडायचं नाही, पण ग्राहकाने संमती दिली तर त्याच्या खात्याची माहिती बड्या बँकांनी इतरांना खुली करायची. प्रश्न राजकारण्याने विचारला, उत्तर चौकशीतून आलं. मला हाच क्रम योग्य वाटतो.

आपल्याकडे २०१७ ते २०२० या काळात सरकारी बँका २७च्या १२ झाल्या. मालक सरकार, निर्णय सरकारचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्याला कुणी विचारलं? सूत रोखीने घ्यावं लागतं, टॉवेलचे पैसे सावकाश येतात. मधल्या काळात त्याची भिस्त कॅश क्रेडिटवर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायच्या बँकेच्या कर्जावर. त्याचा धंदा ओळखणारा मॅनेजर जाऊन फाइल दूरच्या कार्यालयात गेली, तर बँक कितीही भक्कम असली तरी त्याच्या पदरात काय पडतं?

आणि लहान बँक केवळ लहान म्हणून बुडत नाही. संचालकांच्या माणसांना कर्जं जातात आणि वेळेवर कुणी हटकत नाही, तेव्हा ती बुडते. २०२०च्या कायदादुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांवर बरेच अधिकार मिळाले आहेत. ते कुणाच्या फोनची वाट न पाहता वापरले जावेत. पुढच्या विलीनीकरणाआधी कोणत्या शाखा बंद होणार, छोट्या कर्जदारांचं काय होणार, हे मराठीत छापून लोकांपुढे ठेवावं, हरकतींना मुदत द्यावी, आणि त्या अहवालावर सही मंत्र्याची नसावी, रिझर्व्ह बँकेची असावी.