काका, कॅन्सर करून व्हायरसला काहीच मिळत नाही

काका, नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळीत उत्तर देणं जमेना म्हणून इथे सविस्तरच लिहितेय. बाकीच्यांसाठी सांगते, काकांचं म्हणणं असं की एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) जवळपास सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो, मग गर्भाशयमुखाचा कॅन्सर मोजक्याच बायकांना का? म्हणजे खरं कारण जीन्स, व्हायरस नुसता हजर असतो आणि उगाच बदनाम होतो, आणि मी आपली लसवाल्यांची री ओढतेय.

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तुम्ही असं धरून चाललात की कॅन्सर करणं हे व्हायरसचं काम आणि बहुतेक वेळा त्याला ते जमत नाही. तसं नाहीये हो. कॅन्सर झाला की सहसा व्हायरसचंच वाटोळं होतं.

बघा कसं. एचपीव्हीचा डीएनए म्हणजे साधारण 8 हजार अक्षरांचं एक गोल कडं. एवढ्याशा जागेत डीएनए कॉपी करायची सगळी मशिनरी मावत नाही, ती पेशीचीच वापरावी लागते. आणि नवीन व्हायरस तयार होतात ते गर्भाशयमुखाच्या अस्तराच्या वरच्या थरात, जिथल्या पेशी एरवी विभाजन थांबवून बसलेल्या असतात. तुम्ही नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होतात असं मागे लिहिलं होतंत ना, मग समजा शिफ्ट संपलीय, मशीन बंद, आणि कुणाला तरी स्वतःची चार पानं छापून घ्यायचीयत. तो मेन स्विच दाबणार आणि वॉचमनला गप्प करणार. ई-7 हे व्हायरसचं प्रोटीन स्विच दाबतं, म्हणजे पेशीला थांबवून धरणाऱ्या आरबी प्रोटीनला पकडून बाजूला करतं. वॉचमन म्हणजे पी-53, काही गडबड दिसली की पेशीला थांबवणारा नाहीतर मारून टाकणारा. ई-6 हे व्हायरसचं दुसरं प्रोटीन त्याला स्वतः मारत नाही, पेशीचंच ई-6-एपी नावाचं एन्झाइम हाताशी धरून त्याच्यावर 'कचरा' असा शिक्का मारून घेतं आणि पेशी स्वतःच्याच पी-53 ची विल्हेवाट लावते. इतका बेरकीपणा 8 हजार अक्षरांत, मला तर आजही थक्क व्हायला होतं.

इथपर्यंत व्हायरसच्या हिशोबाने सगळं ठीक, कारण त्याचंच ई-2 प्रोटीन ई-6 आणि ई-7 ला लगाम घालून असतं आणि बहुतेकींच्या बाबतीत वर्ष-दोन वर्षांत इम्युनिटी सगळा कारभार गुंडाळून टाकते. घोळ होतो तो जिथे इन्फेक्शन वर्षानुवर्षं टिकतं तिथे. कधीतरी ते गोल कडं तुटतं आणि आपल्या क्रोमोझोममध्ये जाऊन बसतं, आणि तुटताना पुष्कळदा ई-2 चाच तुकडा पडतो. लगाम गेला. आता ई-6, ई-7 बेफाम, पण व्हायरसला स्वतःचं कडं परत बनवता येत नाही, म्हणजे वंश बुडाला. (एचपीव्हीचे प्रकार नंबरांनी ओळखतात, त्यातल्या 16 नंबरच्या काही गाठींत अख्खं कडंही सापडतं, सगळीकडे एकच गोष्ट घडते असं नाही.) त्यानंतरही पेशीत आणखी बिघाड साचावे लागतात, म्हणून इन्फेक्शन ते कॅन्सर यात सहसा 15-20 वर्षं जातात. मोजक्याच जणींना का, ते यात आलं.

आता 'व्हायरस नुसता हजर होता' याबद्दल. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशी ऐकल्या असतील, 1951 साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या, त्यात एचपीव्ही 18 बसलेला आहे. गंमत म्हणजे त्या पेशींचा पी-53 चा जीन धडधाकट आहे, फक्त प्रोटीन टिकत नाही. मग 2000 साली संशोधकांनी या पेशींत गाईच्या पॅपिलोमा व्हायरसचं ई-2 घातलं, ई-6 आणि ई-7 बंद पडले, पी-53 आणि आरबी परत कामाला लागले, आणि इतकी वर्षं न थांबता वाढणाऱ्या पेशी म्हाताऱ्या होऊन थांबल्या! नुसत्या हजर असलेल्याला गप्प केल्यावर असं होईल का, तुम्हीच सांगा.

आणि जीन्स विरुद्ध व्हायरस हे भांडणच मला पटत नाही. पी-53 सापडलं तेच मुळी 1979 मध्ये, एसव्ही-40 या माकडांच्या व्हायरसच्या प्रोटीनला चिकटलेलं. इतर पुष्कळ कॅन्सरमध्ये पी-53 चा जीन बिघडतो, इथे जीन शाबूत ठेवून प्रोटीन संपवलं जातं, परिणाम तोच.

6 आणि 11 नंबरच्या एचपीव्हीत पण ई-6, ई-7 आहेतच बरं का, पण त्यांचं ई-7 आरबीला ढिलं धरतं आणि ई-6 पी-53 ला तसं संपवत नाही, म्हणून त्यांच्याने सहसा नुसते चामखीळ येतात. घराणं एक, गुण वेगळे.

राहिलं लसीचं. लसीत व्हायरस टोचतात असं तुम्ही लिहिलंय, तसं नाहीये. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक, जी 2023 मध्ये बाजारात आली, तिच्यात 6, 11, 16 आणि 18 यांच्या फक्त बाहेरच्या कवचाचं एल-1 प्रोटीन आहे, यीस्टमध्ये बनवलेलं. ई-6, ई-7 तिच्यात नाहीतच, त्यामुळे लसीनेच कॅन्सर होईल ही भीती काढून टाका. नातीबद्दल विचारलंत, 9 ते 14 वयात दोन डोस देतात, सहा महिन्यांच्या अंतराने, 15 च्या पुढे तीन. गंगापूर रोडला तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ आहेत ना, त्यांच्याकडे चौकशी करा. आणि सूनबाईंची पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही टेस्ट राहिली असेल तर त्याच फेरीत तिचंही विचारून घ्या, कारण आधीच झालेलं इन्फेक्शन लसीने जात नाही.