दोन बोटं कमी

माझा मुलगा उंच होऊ नये म्हणून मी सहा महिने देव पाण्यात घालून बसलो होतो. बाप म्हणून हे सांगताना लाज वाटते, पण ज्यांनी चार माणसांचं थीम पार्कचं तिकीट काढलंय ते मला समजून घेतील.

त्याचं झालं असं, की चिरंजीवांच्या वर्गातला एक मित्र दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीकडच्या मोठ्या पार्कला जाऊन आला. तिथला मनगटावरचा कागदी पट्टा तो आठवडाभर शाळेत मिरवत होता. अंघोळीलाही काढला नाही म्हणे. झालं, आमच्या घरात ताटावर बसलं की तोच विषय. मी पर्याय काढले. कणेरी मठ? “शाळेतनं दोनदा नेलंय.” पन्हाळा? “पप्पा, तिथं माणसाला उलटं करतात काय?” पन्हाळ्यावर उलटं करत नाहीत, हे कबूल करावं लागलं. मग म्हटलं, गगनबावड्याला चल, करूळ घाटात एसटीच्या शेवटच्या सीटवर बसवतो. आतडी गळ्यात येतात, तीही अर्ध्या तिकिटात. पोरगं हसलंसुद्धा नाही.

रात्री मोबाइलवर दर बघितले आणि उठून पाणी प्यालो. मग बारीक अक्षरं वाचताना आशेचा किरण दिसला. मुलाचं तिकीट वयावर नव्हतं, उंचीवर होतं. आपली एसटी सरळ आहे, पाच ते बारा वर्षं अर्धं तिकीट, विषय संपला. इथं दारात म्हणे खांबावर रेघ मारलेली असते. रेघेखाली मूल, रेघेच्या वर माणूस. झोपलेल्या पोराला उठवून मी स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं केलं, टेप लावली, पेन्सिलीनं खूण केली. दोन बोटं कमी! त्या दोन बोटांवर आमची सगळी सहल उभी होती.

लगेच निघालो असतो तर प्रश्न नव्हता. पण शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी तिकीट स्वस्त, आणि मधले वार आमच्या घरात मोकळे नाहीत. सोमवार माझा. मंगळवारी आणि शुक्रवारी आई अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय पाणी पीत नाही. गुरुवार बायकोचा, दत्ताचा. राहिला बुधवार, तर त्या दिवशी मटण. कोल्हापुरात बुधवारचं मटण सोडून कुणी पाळण्यात बसायला गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यात पोराच्या चाचण्या, माझ्या ऑफिसातलं मार्चएंड आणि भाऊबंदांतली तीन लग्नं. सहल पुढं जात राहिली. पोरगं वर जात राहिलं.

कोल्हापुरात पोर बुटकं ठेवणं किती अवघड आहे, ते मला तेव्हा कळलं. ज्या गावात शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेत कुस्तीचं मैदान बांधून दिलं, जिथं रात्री कट्ट्यावर म्हैस उभी करून डोळ्यांदेखत धार काढून ग्लास हातात देतात, तिथं “पुरे आता, जास्त पिऊ नको” म्हणणारा मी एकटाच बाप असेन. आई तर इरेलाच पेटली होती. सकाळी नाचणीचं सत्त्व, दुपारी शेंगदाण्याचा लाडू, बुधवारी-रविवारी वाटी वाटी पांढरा रस्सा.

“आई, जरा बेतानं घाल गं त्याला.”

“आरं, वाढत्या अंगाचं पोरगं हाय. तुला बापाला वाईट वाटाय लागलंय व्हय त्याचं?”

काय सांगणार? मी तालमीचा मार्ग धरला. रोज रात्री चौकटीपाशी सराव सुरू झाला. गुडघ्यात किंचित वाक. दिसेल असा नको, किंचित. मान खांद्यात घे. दम सोड. पाहिजे तेव्हा दीड बोट कमी होण्याइतकं पोरगं तयार झालं. केसही मशिननं बारीक मारून आणले.

मधल्या काळात प्रवासाचा हिशेब. माझ्याकडं जुनी गाडी आहे, पण किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार नाके पुण्याच्या अलीकडंच. शहरातल्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील सरांच्या मागं मोर्चात चाललेला माणूस मी. तो टोल घालवूनच गाव थांबलं. आता फास्टॅगमुळं भांडायचीही सोय राहिली नाही. काच खाली करेपर्यंत पैसे गेलेले असतात. वर्षाचा पास 2025 साली निघाला तेव्हा तीन हजारांचा होता, दोनशे फेऱ्या. तो खोपोलीच्या एक्स्प्रेस-वेवर चालत नाही म्हणे, पण बायकोला मी तरीही त्याचे फायदे समजावले. ती म्हणाली, “म्हंजे एकदा स्वस्तात जायला वर्षभर फिरायचं?”

एसटी ठरली. आईचं वय 77, तिला 2022 पासून तिकीटच नाही. बायकोला 2023 पासून अर्धं. पोराला अर्धं. घरात पूर्ण तिकिटाचा माणूस एकटा मी. कंडक्टरनं पैसे घेताना माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशी एकट्या कमावत्या माणसाकडं बघतात.

मुक्काम पिंपरीला मेव्हण्याकडं, म्हणजे फुकट. हा शब्द मी वहीत लिहिला होता, तो नंतर खोडला. बहिणीनं माहेरच्या भावाकडं मोकळ्या हातानं कसं जायचं? दोन किलो चटणी, म्हणजे आमचा कांदा-लसूण मसाला, पाच किलो गूळ, भडंग, वहिनीला साडी, मेव्हण्याला कोल्हापुरी चप्पल. तेवढ्यात खोपोलीत एसीची खोली मिळाली असती. शिवाय चप्पल त्याला एक नंबर लहान झाली, ती बदलून आणायची जबाबदारी आजही माझ्यावर आहे.

त्याच मेव्हण्यानं निघायच्या आदल्या आठवड्यात फोनवर बॉम्ब टाकला होता. “दाजी, पोराची उंची बघून घ्या बरं का. मोठ्या रोलर कोस्टरला कमी उंचीची पोरं घेत नाहीत.”

म्हणजे तिकिटासाठी बुटका आणि पाळण्यासाठी उंच. एकच पोरगं, एकच दिवस. उलटं होण्यासाठी तर हा सगळा खटाटोप चालला होता! धावत जाऊन त्याला चौकटीला उभं केलं. “ताठ!” म्हणालो. सहा महिन्यांत त्याला पहिल्यांदाच ताठ उभा केला होता. नाचणी, लाडू आणि रस्सा यांनी आपलं काम चोख केलं होतं. रेघेच्या एक बोट वर. आईनं कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. मी मोबाइल उघडला आणि मुलगा या रकान्यातून त्याला मोठ्यांच्या रकान्यात नेलं. पैसे गेले ते गेले, पण पाळण्यात बसेल, अशी मनाची समजूत घातली. आईचंही तिकीट काढलं, ज्येष्ठांचं. ती म्हणत होती, “मी काय त्या पाळण्यात बसत न्हाई, मी पिशव्या राखत बसतो.” पण नुसतं बसणाऱ्याला वेगळा दर नसतो.

पिशव्या राखायचंही नशिबात नव्हतं. तीस धपाटे, दह्याची चटणी आणि ठेचा. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हटल्यावर आईनं सगळं दारात उलगडलं आणि आम्ही पाच जणांनी, मेव्हण्याला धरून, सकाळी साडेदहा वाजता दुपारचं जेवण उरकलं. शेजारी सहलीला आलेल्या दोन पोरींनीही एकेक धपाटा खाल्ला.

मग रांग, आणि रांगेच्या तोंडाला तो खांब. पट्टीला रंगीत रेघ होती. पोरानं खांब बघितला. मी काही म्हणायच्या आत त्याच्या अंगातली सहा महिन्यांची तालीम जागी झाली. गुडघे किंचित वाकले, दिसेल असे नाही, किंचित. मान खांद्यात गेली. दम सुटला.

दारावरच्या मुलानं पट्टी बघितली, माझ्या मोबाइलवरची तिकिटं बघितली आणि हळहळला. “सर, याला चाइल्ड चाललं असतं की. उगाच फुल काढलंत. मोठ्या राइडला नाही घेणार पण याला.”

“ताठ उभा राहा रे!” मी ओरडलो. मागची रांग माझ्याकडं बघायला लागली. पोरगं घाबरून आणखी खाली गेलं.

आई मागून कौतुकानं म्हणाली, “एकदा शिकवलं की इसरत न्हाई बघा माझा नातू.”