नाना, हौद आणि बेवारस व्हॉल्व

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या आसपास घर घेतलं की त्याच्याबरोबर बऱ्याचदा स्विमिंग पूलही गळ्यात पडतो. मुलं उड्या मारतात, पाहुणे फोटो काढतात आणि घरमालक जाळी घेऊन पानं काढतो, अशी कामाची वाटणी ठरलेली असते. या सगळ्या लवाजम्यात एक गडी मात्र असा असतो की बिल येईपर्यंत तो आहे हेच कोणाला माहीत नसतं. काठावरच्या फरशीत वीतभर रुंदीचं एक गोल झाकण असतं, त्याखाली तो राहतो. इथे त्याला ऑटोफिल म्हणतात. पाणी उतरलं की फ्लोट खाली जातो आणि व्हॉल्व उघडतो. पातळी गाठली की बंद. थोडक्यात, आपल्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक.

फरक एकच. गच्चीवरचा बॉलकॉक बिघडला की पाणी धो धो खाली पडतं, तळमजल्यावरच्या काकू ओरडतात आणि पाच मिनिटांत अख्ख्या बिल्डिंगला बातमी कळते. इथे जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून गुपचूप निघून जातं. कोणी ओरडत नाही. पहिली ओरड येते ती पाण्याच्या बिलाची.

बिल आलं तेव्हा माझे सासरे सांगलीहून आले होते. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि स्विमिंग पुलाला ते सरळ हौद म्हणतात. साल 2023. दुपारचा पारा सलग 31 दिवस 110 फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या 43 अंशांना, टेकत होता किंवा त्याच्याही पुढे जात होता.

"जावईबापू, एवढ्या उन्हात हौद काठोकाठ कसा?"

"ऑटोफिल आहे ना, नाना. आपोआप भरतो."

"आपोआप भरतो हे कळलं. आपोआप थांबतो का? आमच्या धरणाची पातळी मे महिन्यात उतरली नाही, तर आम्ही पेढे नव्हतो वाटत. पट्टी तपासायला माणूस पाठवायचो."

मग नानांनी घरातली सगळ्यात चांगली बादली मागितली. पुलाचंच पाणी भरून ती पायरीवर ठेवली, बादलीच्या आतल्या आणि पुलाच्या पातळीवर खुणा केल्या आणि ऑटोफिल बंद करा म्हणाले. आता ते बंद करायची चावी कुठे आहे हे घर बांधणाऱ्याला ठाऊक असावं. आम्हाला नव्हतं. बरीच खडी उपसल्यावर एका निवडुंगाच्या बुडाशी ती सापडली. तोवर घराचाच मुख्य नळ बंद करून ठेवला होता आणि बायकोच्या डोक्याला शॅम्पू होता. तिचं त्यावेळचं बोलणं इथे देत नाही.

दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी पाव इंच उतरलं होतं आणि पुलातलंही पाव इंच. दोन्ही सारखं उतरलं म्हणजे नुसतं बाष्पीभवन, गळती नाही. बादली जास्त भरलेली आणि पूल खाली, असं दिसलं असतं तर फरशी फोडायची वेळ होती. नानांनी कागद घेतला. पूल तीस फूट बाय पंधरा, पाव इंच म्हणजे साधारण 265 लिटर. "शहरात माणशी 135 लिटर धरतात," ते म्हणाले, "म्हणजे दोन माणसांचं पाणी तुम्ही रोज सूर्याला पाजता." हे झालं नुसतं उडून जाणारं. वाहून जाणाऱ्याचा हिशेब त्यांनी माझ्या तब्येतीकडे बघून केला नाही. चावी पुन्हा उघडून घरातले सगळे नळ बंद केले, तरी पाण्याच्या मीटरवरचा, पाणी वाहत असलं की फिरणारा चिमुकला त्रिकोण फिरतच होता. गुन्हेगार ठरला.

झाकण उचललं तर आत विंचू. बार्क स्कॉर्पियन, अमेरिकेतला सगळ्यात विषारी. इथले लोक रात्री अतिनील टॉर्च घेऊन त्यांना शोधतात, कारण त्या उजेडात ते हिरवट चमकतात. मी चार पावलं मागे गेलो. नाना वाकून बघत म्हणाले, "हा तर पोरसवदा. आमच्याकडची इंगळी बघा एकदा." आणि त्यांनी त्याला झाडूच्या काडीने बाहेरचा रस्ता दाखवला.

खाली व्हॉल्ववर पांढरा थर जमला होता. इथलं पाणी जड. त्यातलं काही कोलोरॅडो नदीतून 336 मैलांच्या कालव्याने वाळवंट ओलांडून येतं आणि येताना क्षार घेऊन येतं. तो थर रबरावर बसला की व्हॉल्व पूर्ण मिटत नाही. व्हिनेगरमध्ये बुडवून थर गेला, पण रबराला चिरा पडल्या होत्या.

म्हणजे नवा आणायचा. पण कुठला? झाकणावरची अक्षरं उन्हाने खाल्लेली, व्हॉल्ववर नाव नाही, नंबर नाही. मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात पूलवाल्याने मला बागेच्या नळ्यांकडे पाठवलं, बागवाल्याने प्लंबिंगकडे आणि प्लंबिंगवाल्याने अत्यंत प्रेमाने पूलवाल्याकडे. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "कुठल्या कंपनीचं?" मुलीसाठी स्थळं बघतानासुद्धा घराण्याची इतकी चौकशी होत नाही. पुढचे प्रश्न: पाणी खालून येतं की बाजूने? आटे आतून की बाहेरून? फ्लोट दांडीवर की उभ्या नळीवर? त्यात अर्ध्या इंचाचा पाइप मोजला तर बाहेरून 0.84 इंच भरतो. अर्धा इंच हे त्याचं फक्त पाळण्यातलं नाव.

शेवटी एका छोट्या पूलच्या दुकानात गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने जुना व्हॉल्व हातात घेतला, उलटा केला, आट्यांवरून अंगठा फिरवला आणि मागच्या खोक्यातून तसाच नवा काढून दिला. कंपनी विचारली नाही. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

बसवायचं काम किरकोळ. टेफ्लॉन टेप गुंडाळायची, हाताने आवळायचं, पान्याने थोडं, आणि पाण्याची पातळी टाइल्सच्या मधोमध येईल असा फ्लोट लावायचा. त्रिकोण थांबला.

नानांची कीर्ती मात्र गल्लीभर झाली. परवा पलीकडचा शेजारी बिल हातात घेऊन आला. आता नाना अतिनील टॉर्चशिवाय कोणाच्याही झाकणाला हात लावत नाहीत. त्याच्या पुलाजवळ जाऊन त्यांनी आधी टॉर्च मारला, मग गंभीर चेहऱ्याने विचारलं, "थ्रेड इनसाइड ऑर आउटसाइड?"

त्याला सांगता येईना. नाना माझ्याकडे वळले.

"यांना आधी बादली द्या."