षटक संपलं की मॅच पळवतात

षटकातला सहावा चेंडू. बॅटची कड घेऊन बॉल दुसऱ्या स्लिपकडे जातो, हातात बसतो आणि सुटतो. आता मला बघायचंय की बोलरने डोक्याला हात लावला की स्लिपवाल्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं. कॅप्टन त्याच्यापाशी गेला का? ज्याने कॅच सोडला त्याच्या पाठीवर कुणी थाप मारली का? बॅट्समन समोरच्याकडे जाऊन काय बोलला? यातलं एक काही दिसत नाही. बॉल जमिनीवर पडायच्या आत पडद्यावर जाहिरातीतला एक हिरो उंची सूट घालून वेलची चघळत उभा असतो.

हे रोजचं आहे. दर षटकाला आहे. आणि मला याचा प्रचंड संताप येतो.

ज्यांनी हा धंदा मांडलाय त्यांना क्रिकेट म्हणजे काय हेच ठाऊक नाही. त्यांना वाटतं, बॉल टाकला, मारला, संपलं; मधला वेळ रिकामा, तो विकून टाकू. अरे, तो रिकामा नाही! क्रिकेटचं निम्मं डोकं त्याच वेळात चालतं. पॉइंटचा माणूस उचलून सीमारेषेवर नेला, म्हणजे आता आखूड टप्प्याचा बॉल येणार. ऑफस्पिनर राउंड द विकेट आला, शॉर्ट लेग आत बोलावला, कीपर पुढे सरकला. मॅच बघणारा माणूस हे बघून मनात ताडतो की पुढे काय होणार, आणि मग बॉल पडतो. आज आम्ही जाहिरातीतून परत येतो तेव्हा फील्ड बदललेली असते, बोलर निम्मा धावत आलेला असतो. कधी कधी तर बॉल टाकून झालेला असतो आणि कोपऱ्यातला आकडा एकाने वाढलेला दिसतो. कोण आउट झालं हे कळतं, का आउट झालं हे कळत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत सगळ्यांत मिळून एक टीव्ही होता तेव्हा गावसकर दोन चेंडूंच्या मध्ये काय करतो हे पोरासोरांना पाठ होतं. गार्ड कसा घेतो, पीच कुठे ठोकतो, बोलर मागे वळून चालत जात असताना नजर कुठे ठेवतो. १९८३ मध्ये दिल्लीला त्याने वेस्ट इंडीजच्या तुफान बोलरला, मार्शलला, हूक मारून मारून शतक केलं, ते कसोटीतलं २९वं, ब्रॅडमनच्या बरोबरीचं. मला त्यातले सगळे फटके नाही आठवत. मला आठवतो तो मार्शलचा पुढचा बॉल येण्याआधी शांत उभा राहणारा गावसकर. हे आज कुठल्या पोराला बघायला मिळतं? विराट दोन षटकांच्या मध्ये काय करतो ते सांगा बघू. नाही सांगता येणार, कारण ते दाखवतच नाहीत.

आणि दूरदर्शन काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं, हे मला चांगलं माहीत आहे. इंग्लंडमधली मॅच रंगात आली की बातम्यांची वेळ व्हायची. 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी आम्ही तासन्‌तास बघितली आहे. एकच चॅनल, तो दाखवेल ते बघा. कपिलदेवच्या १९८३ च्या वर्ल्ड कपमधल्या टनब्रिज वेल्सच्या १७५ धावा तर जगात कुणालाच पडद्यावर बघायला मिळाल्या नाहीत, त्या मॅचचं चित्रीकरणच नाही. जाहिराती दूरदर्शनवरही असायच्या आणि त्यापायी षटकाचा पहिला बॉल तेव्हाही खाल्ला जायचा, त्यावरून चाळीत शिव्याही पडायच्या. पण तो गलथानपणा होता. आजचं सगळं ठरवून, मोजूनमापून केलेलं आहे, म्हणूनच माझा राग जास्त आहे.

एके काळी मॅच दाखवायची तर दूरदर्शनच उलट क्रिकेट बोर्डाकडे पैसे मागायचं. मग १९९३ चा हीरो कप आला, बंगालच्या क्रिकेट संघटनेने हक्क परदेशी कंपनीला दिले, त्यावरून जुंपली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. तो निकाल लिहिणाऱ्यांत आपल्याकडचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर एकट्या सरकारची मक्तेदारी नाही आणि त्यांचा वापर लोकांच्या हितासाठीच व्हायला हवा, असं त्या निकालात स्वच्छ म्हटलंय. मक्तेदारी मोडली तो भाग सगळ्यांनी उचलला. लोकहिताचा भाग मात्र कुणालाच आठवत नाही.

कारण मधे पैसा आला. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. एका मॅचचे होतात साधारण ११८ कोटी. दोन्ही डावांचे मिळून २४० चेंडू धरा आणि भागून बघा: एका चेंडूला जवळपास ४९ लाख. एवढे मोजलेला माणूस तुम्हाला बोलरचा चेहरा कशाला दाखवेल? त्याला प्रत्येक श्वासातून वसुली करायची आहे. २००९ मध्ये तर खेळातच भोक पाडून ठेवलं, स्ट्रॅटेजिक टाइमआउट म्हणून. आज प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन. नाव डावपेचांचं. पण डावपेच आखताना कोच काय सांगतोय, कोण मान हलवतोय, हे आम्हाला किती दिसतं? त्या अडीच मिनिटांत आम्हाला टायर, सिमेंट आणि पंखे दिसतात.

बरं, हे थांबवता येत नव्हतं असंही नाही. आपल्या देशात यासाठी नियम आहे. केबल टीव्हीच्या नियमांत लिहिलंय की तासाला जाहिराती बारा मिनिटांपेक्षा जास्त नकोत. दहा मिनिटं मालाच्या आणि दोन मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या. मे २०१२ मध्ये ट्राय, म्हणजे वाहिन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था, अजून पुढे गेली. थेट प्रक्षेपण चालू असताना जाहिरात फक्त खेळ खरोखर थांबला की: फुटबॉल-हॉकीचा मध्यंतर, क्रिकेटचं लंच किंवा ड्रिंक्स, टेनिसमध्ये बाजू बदलताना. अर्धा पडदा खाणारी जाहिरात बंद. जाहिरातीचा आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा नको. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, लिहिणारा माणूस आपल्यासारखाच रात्री मॅच बघत बसलेला असणार. इतकं नेमकं दुखणं त्यात पकडलंय! आणि मार्च २०१३ मध्ये काय झालं? वाहिन्यांनी आरडाओरडा केला आणि हा सगळा भाग उडवून टाकला. उरली ती बारा मिनिटं, तर त्यालाही वाहिन्यांनी २०१३ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. म्हणजे आमच्या बाजूने जे लिहिलं गेलं होतं ते वर्षभरही टिकू दिलं नाही. प्रेक्षकांच्या वतीने तिथे भांडायला कोण उभं होतं?

आता तर षटक संपायचीही वाट बघत नाहीत. बोलर रनअपला मागे वळला की चित्र आक्रसतं, डावीकडून आणि खालून बनियन किंवा बँक घुसते आणि मॅच कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी होते. कुणी आउट झाला तर तो बिचारा पाच पावलं चालायच्या आत जाहिरात. पूर्वी आउट झालेला माणूस पॅव्हेलियनच्या पायऱ्या चढेपर्यंत दिसायचा. बॅट आपटतो की मान खाली घालतो, बाहेर येणाऱ्याच्या कानात काही सांगतो का, त्यावरून माणूस कळायचा. सचिन आउट झाल्यावर मागे वळून न बघता चालायला लागायचा, ते आम्ही टीव्हीवरच बघितलंय ना?

आणि विकतात काय, तेही बोला. तंबाखूची जाहिरात करता येत नाही म्हणून त्याच नावाची वेलची विकायची, आणि ती विकायला ज्यांच्या खेळावर आम्ही जीव टाकला तेच जुने खेळाडू हजर. कित्येक वर्षं टीम बनवा, पैसे जिंका असले जुगार दाखवले, शेवटी 'सवय लागू शकते, जपून खेळा' हे वाक्य एका दमात, कुणाला कळू नये इतक्या वेगात म्हणून टाकायचं. माझा भाचा अकरावीत असताना त्यात अडकला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला तेव्हा कुठे त्या जाहिराती गेल्या. तोवर एकाही वाहिनीला स्वतःहून थांबावंसं वाटलं नाही.

कबड्डीबद्दल मी कुरकुर करणार नाही. २०१४ ला प्रो कबड्डी आली, मातीऐवजी मॅटवर, चढाई तीस सेकंदांची झाली. टीव्हीसाठी खेळ बदलला, जुन्या लोकांना ते रुचलं नाही. पण चढाई सुरू झाली की ती पूर्ण दाखवतात, पायाची बोटं बोनस लाइनवर कुठे पडली ते चार बाजूंनी दाखवतात. फुटबॉलही पंचेचाळीस मिनिटं सलग दिसतो. म्हणजे जमतं! क्रिकेटलाच कसायाच्या हाती दिलंय.

आता अण्णांबद्दल. माझे वडील ऐंशीच्या पुढचे आहेत. आयुष्यभर मॅच बघितली, त्याआधी रेडिओवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री कानाला लावून ऐकली. पूर्वी ते बटण फिरवायचे आणि मॅच लागायची. आता काय करायचं असतं बघा. ही मालिका एका वाहिनीवर, ती दुसरीकडे, तिसरी फक्त ॲपवर. ॲप उघडलं की आधी अपडेट मागतं. मग लॉगिन. मग ओटीपी, तो येतो माझ्या मोबाइलवर आणि मी असतो लोकलमध्ये. अण्णा फोन करतात, "अरे, तो नंबर सांग बाबा, टॉस झाला." मी नंबर सांगेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. पुन्हा पाठवा. दुसरा नंबर सांगतो, ते चष्मा शोधून रिमोटने एकेक आकडा दाबतात, एक चुकतो. ज्या माणसाने मला लेगब्रेक आणि गुगली बोटांत टेनिसबॉल धरून शिकवली, त्याला स्वतःच्या घरात मॅच लावायला माझी परवानगी लागते. मला याची चीड येते, फार येते.

सगळं जुळून मॅच लागली तरी ती मागे असते. आमच्या वरच्या मजल्यावर डिशवर बघतात, आमच्याकडे नेटवर. बोलर आमच्याकडे अजून बॉल चोळतोय आणि वरून आरडाओरडा झालेला असतो. विकेट गेली हे आम्हाला छतातून कळतं. अण्णा टीव्हीकडे बघायचं सोडून वर बघतात. पैसे भरून शिळी मॅच!

लोक म्हणतील, दूरदर्शनवर फुकट दिसते की. नाही दिसत. २००७ मध्ये कायदा झाला की राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीला द्यायलाच हवं, म्हणजे गोरगरिबांना ते बघता येईल. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावर आणि स्वतःच्या फ्री डिशवरच चालेल, केबलवाल्याला ते दाखवता येणार नाही. म्हणजे घरी केबल असेल आणि दूरदर्शन लावलं, तरी मॅच नाही. भारताची मॅच, भारताची सरकारी वाहिनी, आणि ती बघायला वेगळी छत्री लावायची.

मी महिन्याला केबलचे पैसे भरतो, वर ॲपचे भरतो. ॲपचा महागातला प्लॅन घेतला तो 'जाहिरातमुक्त' असं ठळक लिहिलं होतं म्हणून. पहिल्याच मॅचला पहिल्याच षटकानंतर जाहिरात. तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं की लाइव्ह खेळांना ही सवलत लागू नाही, अटींमध्ये दिलेलं आहे. मी परत लिहिलं की मी दुसरं काही बघतच नाही, तर हे पैसे कशाचे घेतलेत ते सांगा. ते मेल मी अजूनही दर मॅचनंतर पाठवतो, आणि प्रत्येक वेळी किती चेंडू दाखवले नाहीत तो आकडाही षटकासकट खाली लिहितो. अण्णा वहीत मांडून ठेवतात.